प्रवासात असलेल्यांसाठी

ऊस निघायला लागला की माझं डोकं फिरतं. पहाटेपासून ट्रॅक्टर सुरू होतात. एकामागे एक दोन ट्रॉल्या, त्यांत मावणार नाही इतका ऊस, आणि चालवणाऱ्याने गाणं असं लावलेलं की आजूबाजूच्या तीन गावांनी ऐकावं. रस्त्यावर पाचट, अंगणात धूळ, वाळत घातलेल्या कपड्यांवर पेटवलेल्या फडांची काजळी. कारखान्याकडून वारा आला की मळीचा आंबूस वास घरात शिरतो आणि पोळ्यांच्या डब्यातही जाऊन बसतो. लोक म्हणतात, हंगाम आला, गावात जान आली. माझा नवरा कारखान्यात बॉयलरवर आहे. पाळ्या करून त्याला धड झोप मिळत नाही, तरी तोही या दिवसांत खुशीत असतो. मला हा मोसम नको असतो. ही थंडी नको, हे धुतल्यासारखं आकाश नको, आणि नाताळसाठी दुकानांत टांगलेल्या कागदी चांदण्या तर अजिबात नकोत.

यंदा ट्रॅक्टर सुरू झाले त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाचा, रुबेनचा, निरोप आला. ‘ताई, परत निघालो. या वेळी वाळवंट, उंटांबरोबर. रविवारी चर्चमध्ये माझं नाव दे.’ खाली जोडलेल्या हातांचं चित्र. मी फोन पालथा घातला आणि भांडी घासायला घेतली. एरवी मी भांडी इतकी आदळत नाही.

रुबेन जग फिरतो. नुसता फिरत नाही, विमानात न बसता फिरतो. लोहखनिजाचे दगड भरलेल्या मालगाडीच्या उघड्या डब्यात, त्या दगडांच्या ढिगावर बसून त्याने एक अख्खं वाळवंट पार केलं आहे. कुत्र्यांनी ओढलेल्या गाडीवरून तो बर्फातून गेला आहे. पिंपांवर फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावरून कुठलीशी गढूळ नदी उतरला आहे, आणि रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवत उभं राहून देशच्या देश ओलांडले आहेत. मालवाहू बोटीवर खलाशांबरोबर बटाटे सोलत समुद्र ओलांडणं तर त्याला आता आमच्या फाट्यावरून गावात यावं तसं झालं आहे. हे सगळं तो फोनवर दाखवतो. खाली पोरं लिहितात, ‘भावा, जगणं शिकावं तर तुझ्याकडून.’ मी शाळेत चौथीचा वर्ग शिकवते. माझ्याकडून जगणं शिकावं असं कुणाला वाटल्याचं मला ठाऊक नाही.

त्याच्या व्हिडिओंत एक गोष्ट मला नेहमी खटकते. त्याला कुणीतरी गाडीत घेतलेलं असतं, कुणीतरी भाकरतुकडा दिलेला असतो, कुणीतरी आपल्या घरात निजू दिलेलं असतं. पण तो म्हणतो, ‘एका ट्रकवाल्याने’, ‘एका म्हातारीने’, ‘एका भल्या माणसाने’. डोंगराचं नाव सांगतो, नदीचं सांगतो, उंटाचंसुद्धा सांगतो. माणसाचं नाव सांगताना मी त्याला अजून ऐकलेलं नाही.

पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याने बेलापूरच्या आमच्या चर्चमध्ये साक्ष दिली, म्हणजे जमलेल्या सगळ्या मंडळीपुढे उभं राहून आपला निश्चय सांगितला. बेलापूर आमचं माहेर. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहायची. रुबेन वेदीपुढे उभा राहिला, पाठीवर ती भली मोठी पिशवी तशीच ठेवून, आणि म्हणाला, "मी विमानात पाय न ठेवता पृथ्वीला वेढा घालीन आणि याच दारात परत येईन." समोर एक मित्र फोन धरून उभा होता. रुबेन त्या फोनकडे बघत बोलत होता, हे मला दिसलं. आई दुसऱ्या बाकावर होती. तिला दिसलं ते एवढंच की मुलगा मंडळीपुढे उभा राहून बोलला. आमच्यात मंडळीपुढे बोललेलं देवाशी बोललेलं असतं. लग्नाचं वचन त्याच जागी देतात, बाप्तिस्म्याचंही तिथेच. आईने डोळे मिटून "आमेन" म्हटलं. पोराने फोनसाठी केलेली बढाई तिने नवसासारखी धरली, आणि मरेपर्यंत सोडली नाही.

आमच्या चर्चमध्ये उपदेशाच्या आधी पाळकसाहेब विचारतात, "आजारी कोण आहे? परीक्षेला कोण बसलंय? प्रवासात कोण आहे?" मग ज्याने त्याने उभं राहून आपल्या माणसाचं नाव द्यायचं आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आई दर रविवारी पदर सावरत उठायची. "माझा रुबेन. बर्फात हाय." नाहीतर, "माझा रुबेन. पान्यावर हाय." मंडळी माना खाली घालायची आणि त्या बर्फासाठी, त्या पाण्यासाठी देवाचा धावा करायची. मी तिच्या शेजारी बसलेली असायची, आदल्या दिवशीची नगर-मनमाड रस्त्याची धूळ केसांत घेऊन.

माझं सासर श्रीगोंदा तालुक्यात. तिथून बेलापूर म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे, शंभरावर किलोमीटर. आईचं हृदय मोठं झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तोही असाच उसाचा हंगाम होता. त्याच हंगामात काँक्रीटसाठी आमचा रस्ता एका बाजूने उकरून ठेवला होता आणि गावात येणारी एकुलती एक एसटी बंद झाली होती. आईला मी माझ्याकडे आणायला गेले तर म्हणाली, "तो याच दारात येतो म्हणालाय. दार बंद ठिऊन कसं चालंल?" रुबेन बोलला होता चर्चच्या दाराबद्दल, तिने ते आपल्या घराचं धरलं होतं. शेजारच्या लताकाकू तिला आठवडाभर बघायच्या आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी निघायची. नवरा पाळीवर. मग रस्त्यावर जे सापडेल ते.

काय काय सापडलं म्हणून सांगू. कांद्याच्या रोपांचा टेम्पो, त्यात मी रोपांच्या जुड्यांवर पाय पडणार नाही अशी अवघडून उभी. कोळगावपर्यंत एक रिकामी उसाची ट्रॉली, तिच्या लोखंडाने माझ्या पाठीची सालं काढली. त्याच दिवशी पुढे मांडववाल्याचा पिकअप. पुढे जागा नव्हती. मागे नवरानवरीची लाल मखमली खुर्ची दोरीने बांधलेली होती, तिच्यावर मला बसवलं. नगरच्या बाजारातून मी त्या सिंहासनावर बसून गेले, मांडीवर आईच्या गोळ्यांची पिशवी घेऊन. नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, लोक वळून बघतात तसंच बघतात. त्या रात्री रुबेनने उंटावर बसल्याचा फोटो टाकला होता. उंटाने झालर घातली होती. आईने तो फोटो लताकाकूंना दाखवला आणि म्हणाली, "कसं बसत आसंल लेकरू, पडलं तर?" माझी पाठ मी उशीला टेकवू शकत नव्हते.

पण बहुतेक शनिवारी मला बबनभाऊ मिळायचे. आमच्या गावच्या शीतकरण केंद्रावरून दुधाचा टँकर घेऊन ते राहुरीच्या पुढे जायचे. रस्ता उकरला म्हणून एसटी बंद होऊ शकते, दूध बंद होत नाही. पाथर्डीकडचा माणूस, बोलायला तुटक, तोंडात सदा बडीशेप. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "क्लीनर न्हाई आज. बसा. पाय त्या पत्र्याला लावू नका, भाजंल." मधल्या इंजिनाच्या पेटीवर घोंगडी घातलेली असायची आणि ती तव्यासारखी तापायची. खड्डा आला, ब्रेक दाबला, की टाकीतलं दूध मागून हिंदकळून गाडीला पुढे ढकलायचं. मला वाटायचं मागून कुणीतरी धडक दिली. "दूध हाय, बाई," ते म्हणायचे, "ते काय आपल्या ब्रेकनं थांबतंय व्हय." देवळालीच्या फाट्याला मला उतरवायचे. तिथून बेलापूरची जीप मिळायची. जीप येईपर्यंत टँकर हलायचा नाही. मी एकदा म्हटलं, "तुम्ही जा, उशीर होईल." तर म्हणाले, "जीप येऊ द्या."

चार शब्दांपलीकडे आमचं बोलणं व्हायचं नाही. आई कशी आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते बरं वाटायचं, कारण बाकी सगळे मला फक्त एकच विचारायचे : "रुबेन कुठवर आला?"

आई आडवी झोपू शकेनाशी झाली. उशांची चळत पाठीशी लावून ती बसूनच डोळे मिटायची. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. रुबेन त्या वेळी ब्राझीलच्या एका बंदरात होता. तिथून विमानाने दोन दिवस. त्याच्या पद्धतीने यायचं तर बोटी बदलत महिना, कदाचित दोन. मी त्याला लिहिलं, ‘आईचं संपत आलंय. विमानाने ये.’ मला त्याने उत्तर दिलं नाही. त्याने आईला फोन लावला. रविवारची दुपार होती, मी फोन स्पीकरवर टाकून तिच्या उशीवर ठेवला.

"आई, ताईनं सांगितलं मला. मी विमानानं येऊ का? तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

आईने दोनदा श्वास घेतला. "मंडळीपुढं बोल्लायस तू, रुबेन. माझ्यापायी मोडू नगंस. ये तसाच, सावकाश. मी हाय."

"नक्की ना, आई?"

"व्हय. मी हाय."

तो रडायला लागला. आई त्याला समजावत होती, जिला श्वास पुरत नव्हता ती. मी ते रडणं ऐकत होते. माझ्या वर्गातल्या पोराला घरचा अभ्यास न करताही माफी मिळाली की त्याच्या आवाजात जे येतं ते त्या रडण्यात होतं. त्याला पुरेपूर ठाऊक होतं की ही बाई ‘विमानाने ये’ म्हणणार नाही. म्हणून तर तिला विचारलं. मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते ते मी आधीच लिहून पाठवलं होतं. मी अंगणात जाऊन त्याला फोन लावला. लागला नाही. चार दिवसांनी त्याचा व्हिडिओ आला : सोयाबीन भरलेल्या बोटीच्या कठड्याला टेकून तो म्हणत होता, ‘आयुष्यातला सर्वांत कठीण निर्णय.’

त्यानंतर आईने एकच धरलं. मी शनिवारी दारात पाय ठेवला की विचारायची, "पानी किती ऱ्हायलं?" मी फोन उघडून बघितल्यासारखं करायची आणि काहीतरी सांगायची. बरंच संपलं. निम्मं संपलं. तिच्या पायांवर सूज होती, बोट दाबलं की खळगा पडून तसाच राहायचा. शरीरातलं पाणी काढायच्या गोळ्या मीच तिला देत होते आणि ती समुद्राची चौकशी करत होती. मला कधी कधी तिचाही राग यायचा. तिचे केस विंचरताना, तिला पुसून घेताना, पातळ खिचडी भरवताना माझ्या मनात यायचं, मी आलेय ते दिसतंय का हिला? मग मी तिची वेणी जरा घट्ट घालायची.

नाताळच्या आधीच्या गुरुवारी लताकाकूंचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. "एस्तेर, निघ." मी पोरांना दुसऱ्या वर्गात बसवलं आणि चालत शीतकरण केंद्रावर गेले. बबनभाऊ टाकीचं झाकण लावत होते. मी काही सांगायच्या आत त्यांनी क्लीनरला खाली उतरवलं. देवळालीच्या फाट्याला मी दार उघडायला गेले तर त्यांनी गाडी थांबवलीच नाही, बेलापूरच्या रस्त्याला घातली.

"बबनभाऊ, दूध भरलंय मागं."

"गार हाय ते. ऱ्हातंय घंटाभर. दार लावून घ्या."

तो रस्ता टँकरचा नव्हे. आमची गल्ली तर बैलगाडीची. नाताळसाठी पोरांनी घराघरांवरून दोरी बांधून चांदण्या टांगल्या होत्या. टाकीच्या माथ्यात ती दोरी अडकली आणि चांदण्या फरफटत आमच्या दारापर्यंत आल्या. पोरं ओरडायला लागली. बबनभाऊंनी इंजिन चालू ठेवलं होतं आणि खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी आत धावले.

आईचे डोळे उघडे होते. ती दाराकडे बघत होती. "बोट आली व्हय?"

"नाही, आई. मी आलेय."

तिने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, पायांपासून वर. माझ्या चपला मी काढायला विसरले होते. मग म्हणाली, "एस्तेर, तू कशी आलीस?"

एवढ्या हंगामात मला हे कुणी विचारलं नव्हतं. "टँकरनं," मी म्हटलं. "दुधाच्या."

"यवढ्या लांब?"

"हो."

"दर येळंला?"

मी मान हलवली. तिने हात वर करायचा प्रयत्न केला, माझ्या केसांपर्यंत पोचला नाही, खांद्यावर राहिला. बाहेर टँकर मागे मागे गल्लीतून निघत होता, लोक "येऊ द्या, येऊ द्या" करत होते. तो आवाज दूर गेला. आई त्यानंतर बोलली नाही. दिवेलागणीला गेली. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "रुबेनसाठी थांबायचं का?" मी विचारलं, "बर्फात ठेवून?" दुसऱ्या दिवशी दफन झालं. कॅरल गायला जमलेल्या पोरांनीच गीतं म्हटली.

रुबेन आला तेव्हा हंगाम सरत आला होता. मुंबईच्या बंदरात उतरला. तिथून बस धरली असती तर रात्रीपर्यंत घरी आला असता. पण शेवटचा टप्पा त्याला पायी करायचा होता. मुंबई ते बेलापूर तो चालत आला, रोज थोडं थोडं दाखवत. गावाच्या वेशीवर फलक लागला होता, त्याच्या फोटोशेजारी विमानावर काट मारलेली. त्याला बैलगाडीत उभं करून मिरवत आणलं, शाल दिली, नारळ दिला. चर्चच्या दारात तो गुडघे टेकून बसला. मग कबरस्तानात गेला आणि तिथे रडला. तो खोटं रडत नव्हता, हे मला कबूल आहे. पण फोन धरणारा मित्र दोन कबरींच्या मधून मागे सरकत होता, नीट दिसावं म्हणून. सत्काराला उत्तर देताना रुबेन म्हणाला, "माझ्या आईनंच मला विमानात बसू दिलं नाही." टाळ्या वाजल्या. बायकांनी डोळे पुसले.

मी त्याला चर्चच्या मागे नळावर गाठला. पाय धूत होता. पायांना फोड आले होते.

"तिनंच नको म्हटलं, ताई. तू तिथंच होतीस."

"तिला विचारलंसच का?"

"मग कुणाला विचारायचं?"

"मला."

त्याने नळ बंद केला. "तू चिडलेली आहेस," म्हणाला. असं म्हणाला, जणू मला ताप आला होता आणि तो उतरेल. नाही उतरला. मला तो उतरवायचाही नाही. लोक सांगतात, क्षमा कर, आईला काय वाटेल. आईला जे वाटायचं ते तिने तिच्या वाटणीचं वाटून घेतलं. माझ्या वाटणीचा राग माझा आहे, तो मी नीट सांभाळून ठेवला आहे.

आमचा रस्ता पूर्ण झाला, एसटी पुन्हा सुरू झाली. महिन्यातून एकदा मी बेलापूरला जाते, बंद घर उघडते, झाडून घेते, रविवारी चर्चला जाते. बबनभाऊंचा टँकर अजून आमच्या शाळेवरून जातो. हॉर्न वाजवत नाहीत, हात करत नाहीत. दुधाला त्या दिवशी काय झालं, त्यांना मालकाचं काय ऐकावं लागलं, मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाले, "काय न्हाई."

परवाचा रविवार. खिडकीतून थंड ऊन बाकावर पडलं होतं. कुणीतरी नव्या चांदण्या लावल्या होत्या. पाळकसाहेबांनी आजारी विचारले, परीक्षेचे विचारले. मग म्हणाले, "प्रवासात कोण आहे?" आणि सरळ माझ्याकडे बघितलं. रुबेन निघाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, सगळ्यांनी फोनवर बघितलं होतं. काहींनी माना आधीच खाली घातल्या होत्या.

मी पदर सावरून उठले. "बबन," मी म्हटलं. "टँकर घेऊन श्रीगोंद्याकडून राहुरीला जातात. रोज. रस्ता वाईट आहे."

मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोन बबन? आपल्यातला हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "पाथर्डीकडचे आहेत."

पाळकसाहेब क्षणभर वाट बघत राहिले, मी आणखी एक नाव घेईन म्हणून. मी खाली बसले. मग त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्या मंडळीने बबनसाठी, त्याच्या टँकरसाठी आणि त्या रस्त्यासाठी प्रार्थना केली. मी मोठ्याने "आमेन" म्हटलं.

संध्याकाळी घर बंद करून फाट्यावर एसटीची वाट बघत होते. उसाचे ट्रॅक्टर जात होते, धूळ उडत होती. रुबेनचा निरोप आला. ‘ताई, नाव दिलंस ना?’

मी लिहिलं, ‘दिलं.’